साठ मिनिटं, सहा महिने

कामानिमित्त जर्मनीत होतो तेव्हा माझा रूममेट घरीच बिअर बनवायचा. (आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग म्हणजे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा. तेव्हा वाचा, करू नका.) एका रविवारी मीही मदतीला थांबलो. मोठ्या पातेल्यात माल्टचं गोड पाणी उकळत होतं. उकळी फुटल्यावर त्याने हॉप्सची हिरवी, सुकलेली बोंडं टाकली आणि मोबाइलवर साठ मिनिटांचा टायमर लावला. पंचावन्नाव्या मिनिटाला आणखी एक मूठ टाकली. मग काही दिवसांनी, बिअर आंबून झाल्यावर, तिसरी मूठ टाकली आणि तीही थंड बिअरमध्ये.

"एकच वस्तू आहे ना, मग एकदाच का नाही टाकत?" मी विचारलं.

खरं तर उत्तर मला तेरला, आजीच्या चुलीपाशीच मिळालं होतं. मोहरी तापलेल्या तेलात जाते, कोथिंबीर भांडं उतरवल्यावर. हॉप्स आधी टाकले की मोहरी, शेवटी टाकले की कोथिंबीर. त्यातली अल्फा आम्लं बराच वेळ उकळली की त्यांचं रूप बदलतं, ती पाण्यात उतरतात आणि बिअर कडू होते. सुगंधी तेलं मात्र तेवढ्या वेळात वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठी आधी, वासासाठी शेवटी.

पण बिअर कडू हवीच कशाला? कारण हा कडूपणा बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाही. हॉप्समुळे पेय टिकतं, हे जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठवासिनीने बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय.

याची खरी परीक्षा झाली ती हिंदुस्थानच्या वाटेवर. लंडनहून मुंबई किंवा कलकत्ता म्हणजे आफ्रिकेला वळसा, दोनदा विषुववृत्त आणि चार ते सहा महिने. १७६०च्या दशकापासून इंग्लंडमधल्या बिअरवाल्यांना सांगितलं जात होतं, की उष्ण देशात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घाला. उकळताना तर ते घालतच, पण पिंप बंद करण्याआधी त्यातही सुके हॉप्स टाकत. रूममेटची तिसरी मूठ ती हीच.

लंडनच्या हॉजसनने खास हिंदुस्थानसाठी 'इंडिया पेल एल' शोधून काढली, अशी गोष्ट सांगतात. ती फार सरळ आहे. तशी कडक, फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती, आणि काळी पोर्टरही इकडे भरपूर यायची. हॉजसनचा कारखाना कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होता आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. शोधापेक्षा धंद्याची हुशारी मोठी.

टिकवण्याचा हा प्रश्न माझ्या गावाला नवा नाही. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला तगर दहा दिवसांवर, असा हिशोब आहे. तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं, आणि त्याच बंदरात इटलीची वाइन उतरायची. रोमन लोक वाइनच्या मातीच्या कुंभांना आतून डांबरासारखी राळ फासत. तिचा वास वाइनमध्ये उतरायचा. किती दिवस टिकायचंय, यावर चव ठरायची.

आता फ्रीज आहे, विमान आहे. बिअरला सहा महिने तग धरायची गरज उरली नाही, म्हणून अलीकडचे हौशी लोक बहुतेक हॉप्स शेवटी, निव्वळ वासासाठी टाकतात. पेल एलचा कडूपणा मात्र मागे राहिला, संपलेल्या प्रवासाची खूण म्हणून.

आमच्याकडे ती खूण म्हणजे कडक भाकरी. पीठ तेच ज्वारीचं. घरी खायची तर तव्यावरून थेट ताटात, मऊ आणि वाफाळती. प्रवासाला द्यायची तर पातळ थापून, पार कडक होईपर्यंत वाळवायची. जर्मनीला निघालो तेव्हा पीठ मळण्याआधी आजीने विचारलं होतं, "किती दिवस पुरवायच्यात रं?"

आता मी पुण्यात असतो. सकाळी निघालो की जेवायला तेरला पोचतो, आणि ताटात मऊ भाकरी असते. परत निघताना आजी तरीही कडक भाकऱ्या बांधून देते. मी नको म्हणत नाही.