कप्तान कोणाला करायचे?

वाचकहो, दिवसभराची कामं आटोपून चार माणसं नायगावच्या पारावर टेकली, की आधी पीकपाण्याच्या गोष्टी होतात आणि मग हळूच गाडी खेळाकडे वळते. ‘ह्याला कप्तान केला म्हणून सामना गेला.’ ‘अहो, त्याला करायला पाहिजे होता, पण ऐकतो कोण?’ एकदा सुरुवात झाली की जेवायला हाका येईपर्यंत वाद मिटत नाही. कोल्हापुरात तालमी-तालमींच्या फुटबॉल संघांवरून असेच वाद रंगतात. तिकडे इंग्लंडात तर आपल्या क्लबाचा पुढचा मॅनेजर कोण व्हावा, यावर लोक महिनेच्या महिने हुज्जत घालतात.

हा सगळा रिकामपणाचा उद्योग, असं आपल्याला वाटेल. पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत असाच एक वाद झाला आणि तो एक-दोन नव्हे, दहा-बारा वर्षे चालला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

त्या काळी मुंबईत क्रिकेटचे सामने धर्मावर आधारलेल्या संघांत होत असत. आरंभी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून त्यांत हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान, असा तो चौरंगी सामना. हिंदूंचा संघ निवडण्याचे काम हिंदू जिमखान्याच्या मंडळींकडे असे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजच्यासारखे प्रशिक्षक तेव्हा संघाला नव्हते. चेंडू कोणाच्या हाती द्यावयाचा, कोणी कुठे उभे राहावयाचे, हे सारे कप्तानाने सांगावयाचे आणि बाकीच्या दहांनी निमूटपणे ऐकावयाचे.

या हिंदू संघातला सर्वांत नामांकित गोलंदाज म्हणजे पळवणकर बाळू. जन्म १८७६ सालचा. चर्मकार समाजातले कुटुंब, मूळ गाव कोकणातले पळवण. वडील लष्करात नोकरीला. बाळू पुण्याला आधी पारशी क्लबात आणि मग युरोपियनांच्या पूना क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या कामाला लागला. पगार महिना तीन-चार रुपये. झाडलोट करता करता तो साहेब लोकांना सरावासाठी डाव्या हाताने चेंडू टाकू लागला. ग्रेग नावाचा एक नावाजलेला इंग्रज फलंदाज होता. बाळूने आपल्याला बाद केले की तो त्याला आठ आणे देई, असे सांगतात. तासन् तास गोलंदाजी करून बाळूचा हात तयार झाला. पण त्याच्या हाती बॅट मात्र कोणी देत नसे. चेंडू टाकणे ही राबणूक. फलंदाजी हा साहेबाचा शौक!

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने बाळूला खेळायला घेतले. पण घेतले कसे, ते पाहा. मैदानावर त्याने टाकलेल्या चेंडूला सगळे हात लावीत. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही निराळे. जो चेंडू त्याच्या हातून आला तो बाटत नाही, आणि कपबशी मात्र बाटते! न्यायमूर्ती रानड्यांनी एका समारंभात त्याला हार घातला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही हरकत नसावी, असे मंडळींना ऐकवले.

पुण्यात प्लेग आल्यावर बाळू मुंबईस गेले. (आता त्यांना अहोजाहो करू या.) १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचा हात मोठा होता. धाकटा भाऊ शिवरामही त्या सामन्यात होता. पुढे विठ्ठल आणि गणपत हेही आले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभात भीमराव आंबेडकर नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पुढाकार घेतला होता.

आता, वाचकहो, तुम्हीच सांगा. असा खेळाडू संघात असताना कप्तान कोणाला करावयाचे? लोक हेच विचारीत होते. पण निवडणारांनी दरवेळी दुसरे नाव काढले. १९१३ साली एम. डी. पै यांना कप्तान केले. माणूस दिलाचा मोठा. सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले, की हा मान खरा बाळूंचा होता. ते माझ्याहून ज्येष्ठ आणि अनुभवी आहेत.

ठिणगी पडली १९२० साली. बाळूंना पहिल्या सामन्यातून वगळले. कप्तान पै आजारी. त्यांच्या जागी विठ्ठल येणार असे अनेकांना वाटले, पण निवड झाली पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांची. देवधर पुढे फार मोठे खेळाडू झाले. दोष त्यांचा नव्हता. पण विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी सरळ संघ सोडला आणि गुणापेक्षा जात पाहिली जाते, असे जाहीरपणे लिहून दिले. वर्तमानपत्रांतून पत्रांचा पाऊस पडला. जे पारावर चालते तेच छापून येऊ लागले. अखेर पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी दोघे भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान केले. सामना चालू असताना पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी संघ चालवला. उभ्या आयुष्याच्या सेवेचे एवढेच फळ त्यांच्या पदरात पडले.

त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेसने अस्पृश्यता निवारण्याचे आवाहन केले होते. सभेत टाळ्या वाजवायच्या आणि मैदानावर जात पाहायची, हे लोकांच्या डोळ्यांवर येऊ लागले. अखेर १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्याच वर्षी संघाने युरोपियनांना हरवून अजिंक्यपद मिळवले. अस्पृश्यता घालवली तर स्वराज्य येईल, हाच धडा या विजयातून घ्यावा, अशा अर्थाचे पत्र एका क्रिकेटशौकिनाने वर्तमानपत्रात लिहिले.

तेवढ्याने अस्पृश्यता गेली काय? मुळीच नाही. चारच वर्षांनी, १९२७ साली, महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे खुद्द आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि थोडक्या मतांनी हरले. एकाच अन्यायाचे चटके बसलेली दोन माणसे; वाटा वेगळ्या झाल्या. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने सत्काराला हात लावला, त्याच्याशीच गाठ पडली. इतिहास असा सरळ रेषेत चालत नसतो. बाळू १९५५ साली वारले.

मग या वादातून निष्पन्न काय झाले? शिक्षक बंधूंनी वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. माझे उत्तर असे: कोणाला संघात घेणे सोपे असते, कारण त्यात आपला फायदा असतो. बाळूंचे बळी सर्वांना हवे होते. अवघड असते ते त्याचा हुकूम मानणे. पंगतीत बसवणे ही एक पायरी; ‘तू सांग, आम्ही ऐकतो’ असे म्हणणे ही त्याच्या वरची. ती दुसरी पायरी चढायला शिकल्यासवरल्या मुंबईकरांना इतकी वर्षे लागली, आणि तीही साध्या प्रेक्षकांनी आणि पत्र लिहिणाऱ्यांनी पाठ सोडली नाही म्हणून.

म्हणून पारावरच्या त्या वादाला मी रिकामपणाचा उद्योग म्हणणार नाही. खुशाल वाद घाला. उद्या आपल्या नायगावातली पोरं कबड्डीचा संघ बांधतील, कप्तान कोण म्हणून विचारायला येतील. तेव्हा एवढेच पाहा, की ज्याच्या चढाईवर आपण गुण मिळवतो, त्याचे नाव कप्तानाच्या यादीत आहे की नाही. आणि नसेल, तर का नाही, हे चारचौघांत मोठ्याने विचारा.