मोफत प्रोग्रामिंग साधने आणि परवान्याच्या अटी
हौशी प्रोग्रामरना माहीत असाव्यात अशा मर्यादा

संगणकाच्या आज्ञावली तयार करण्यासाठी लागणारी साधने एकेकाळी महाग होती. आज त्यांपैकी बहुतेक साधने इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र, किंमत नसली तरी परवाना असतोच. साधन संगणकावर बसवताना 'मान्य आहे' या बटणावर टिचकी मारली, की त्यातील अटी बंधनकारक ठरतात. छंद म्हणून लिहिलेली आज्ञावली विकण्याची वेळ येते, तेव्हा या अटींना खरे महत्त्व प्राप्त होते.

या संदर्भात मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'व्हिज्युअल स्टुडिओ एक्सप्रेस' या साधनसंचाचे उदाहरण बोलके आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने विद्यार्थी आणि हौशी प्रोग्रामर यांच्यासाठी हा संच आणला. प्रारंभी तो एका वर्षापुरताच मोफत राहील, असे जाहीर करण्यात आले होते. एप्रिल २००६ मध्ये ही मुदत काढून टाकण्यात आली आणि संच कायमचा मोफत झाला. त्यावर तयार केलेली आज्ञावली विकण्यासही परवानगी होती. अनेकांचा मात्र तो केवळ शिकण्यासाठीच असल्याचा समज होता.

मर्यादा वेगळ्याच ठिकाणी होत्या. सी प्लस प्लस भाषेच्या २००५ च्या एक्सप्रेस आवृत्तीत एमएफसी हे ग्रंथालय नव्हते आणि ६४ बिट कंपायलरही नव्हता. याशिवाय, इतरांनी तयार केलेली पूरक साधने एक्सप्रेसला जोडता येत नसत. ही सोय सशुल्क आवृत्त्यांसाठी राखून ठेवलेली होती.

याच मुद्द्यावरून २००७ मध्ये वाद निर्माण झाला. ब्रिटनमधील एका प्रोग्रामरने 'टेस्टड्रिव्हन डॉट नेट' हे चाचणीसाठीचे पूरक साधन तयार केले होते आणि ते एक्सप्रेसमध्येही चालेल अशी व्यवस्था केली होती. सॉफ्टवेअरमधील तांत्रिक मर्यादांना बगल देण्यास परवान्याने मनाई केली आहे, अशी मायक्रोसॉफ्टची भूमिका होती. कंपनीने खुल्या केलेल्या मार्गांचाच आपण वापर केला, असे प्रोग्रामरचे म्हणणे होते. वकिलांच्या नोटिसांपर्यंत मजल गेली आणि त्याने हा पत्रव्यवहार जाहीर केला. दार बंद आहे की नुसते लोटलेले आहे, याचा निर्णय कुलपावरून करायचा की परवान्याच्या मजकुरावरून, असा हा प्रश्न होता. बोरलँड कंपनीने २००६ मध्ये आणलेल्या मोफत 'टर्बो एक्सप्लोरर'मध्येही बाहेरचे घटक बसवण्यास वाव नव्हता, हे येथे नमूद करावे लागेल.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने 'व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी' ही मोफत आवृत्ती जाहीर केली आणि पूरक साधनांवरील बंदी संपुष्टात आली. त्याऐवजी वापरणारा कोण आहे, याला महत्त्व आले. एकट्या व्यक्तीला या आवृत्तीवर मोफत अथवा विक्रीसाठीची आज्ञावली तयार करता येते. छोट्या संस्थेत एका वेळी पाच जणांपर्यंत वापरास परवानगी आहे. मात्र २५० हून अधिक संगणक असलेल्या किंवा वार्षिक महसूल १० लाख डॉलरपेक्षा जास्त असलेल्या संस्थेला ती वापरता येत नाही. वर्गातील अध्यापन, शैक्षणिक संशोधन आणि मुक्त स्रोत प्रकल्प यांना त्यातून सूट आहे. मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्याने घरी स्वतःसाठी वापरलेले साधन कार्यालयाच्या कामासाठी वापरले, तर परवान्याचा भंग होऊ शकतो, तो याच कारणाने.

उत्पन्नाची मर्यादा प्रत्येक ठिकाणी सारखी नाही. २०१८ मध्ये आलेल्या 'डेल्फी कम्युनिटी' आवृत्तीसाठी ती अवघी ५,००० डॉलर ठेवण्यात आली. खेळ तयार करण्याच्या 'युनिटी' या साधनाच्या वैयक्तिक आवृत्तीसाठी दीर्घकाळ एक लाख डॉलरची मर्यादा होती. सप्टेंबर २०२३ मध्ये या कंपनीने, ठरावीक टप्पा ओलांडलेल्या खेळांकडून प्रत्येक स्थापनेमागे शुल्क घेण्याचा निर्णय जाहीर केला. वर्षानुवर्षे त्या साधनावर काम केलेल्यांमध्ये तीव्र संताप उसळला, कारण अर्ध्यावर आलेला खेळ दुसऱ्या साधनात नेणे म्हणजे जवळजवळ नव्याने लिहिणेच होय. सप्टेंबर २०२४ मध्ये हे शुल्क रद्द करण्यात आले आणि वैयक्तिक आवृत्तीची मर्यादा दोन लाख डॉलर करण्यात आली.

काही कंपन्या उत्पन्नाऐवजी हेतू पाहतात. 'जेटब्रेन्स' कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'वेबस्टॉर्म' आणि 'रायडर' ही साधने अव्यावसायिक वापरासाठी मोफत केली. छंद आणि शिक्षण त्यात बसते. मोबदला घेऊन केलेले काम बसत नाही. या मोफत परवान्याखाली वापराची निनावी माहिती कंपनीकडे जाते आणि ती थांबवता येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द असल्याने तेथे गोंधळ होतो. १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला जीसीसी हा कंपायलर जीपीएल परवान्याखाली येतो, तरीही त्यावर तयार केलेली आज्ञावली मूळ संहिता गुप्त ठेवून विकता येते. कंपायलर आपल्या ग्रंथालयाचा काही भाग त्या आज्ञावलीत घालतो खरा, पण त्यासाठी परवान्यात खास अपवाद नमूद केला आहे.

हा अपवाद गृहीत धरण्याजोगा नाही, हे 'बायसन' या साधनावरून दिसून येते. ते तयार करत असलेल्या संहितेत त्याची स्वतःची संहिताही मिसळलेली असते. आवृत्ती १.२४ च्या आधी अशी संहिता केवळ मुक्त सॉफ्टवेअरमध्येच वापरता येत असे. पुढे सी भाषेतील एका प्रकारासाठी सवलत देण्यात आली, आणि आवृत्ती २.२ पासून ती इतर प्रकारांनाही लागू झाली.