सुरतेची मानवधर्मसभा आणि दादोबा पांडुरंग

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) हे आम्हां शिक्षकांस परिचित आहेत ते १८३६ च्या मराठी व्याकरणाचे कर्ते म्हणून. नव्या धर्मविचाराचे प्रवर्तक म्हणून त्यांचे स्मरण आम्हांस क्वचितच होते. आणि त्या विचाराचा उदय महाराष्ट्रात नव्हे, सुरतेत झाला.

तेथे अध्यापन करीत असता त्यांनी १८४३ मध्ये 'धर्मविवेचन' लिहिले. ईश्वर एक, मनुष्यमात्राचा धर्म एक आणि जातही एक, हे त्याचे सार होय. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी प्रभृतींसह मानवधर्मसभा स्थापन झाली. सभा उघडपणे भरे व मांत्रिकांस आव्हान देई.

सहाच वर्षांपूर्वी, १८३८ मध्ये, जपानात नाकायामा मिकी यांच्यापासून तेन्रीक्यो पंथाचा आरंभ झाला होता. ईश्वर आपल्या मुखाने बोलतो, अशी मिकींची श्रद्धा. दादोबांचा आधार विवेकाचा. मिकींनी वारंवार कारावास सोसला आणि पंथ टिकला.

दादोबा मुंबईस गेल्यावर सुरतेची सभा मंदावली. मुंबईची परमहंससभा (१८४९) गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटण्याच्या भयाने ती मोडली. 'धर्मविवेचन' छापले गेले ते १८६८ मध्ये. मात्र त्यापूर्वीच, १८६७ साली, दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज उघडपणे उभा राहिला होता.

आज सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील मुलांस हा इतिहास आपल्याच गावचा म्हणून सांगावा, असे आम्हांस वाटते. मुंबईत जे दाराआड जपावे लागले, ते सुरतेत आधीच चारचौघांत बोलले गेले होते.