मोटेचे पाणी, घागरीचे पाणी

बेंबळीसारख्या गावात ऐन उन्हाळ्यात अंगणातल्या डब्यात लावलेले टोमॅटोचे झाड जगवायचे, तर त्याच्या वाट्याला येते ते भाजी किंवा तांदूळ धुतलेले पाणी. या तांब्याभर पाण्याचा इतिहास शोधू लागलो, की आमचे लक्ष आधी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील अरणकडे, सावता माळ्यांकडे जाते.

त्यांच्या सुप्रसिद्ध अभंगात भाजीपाला विठ्ठलरूप होतो, आणि पाणी देण्याचे साहित्यही, विहीर आणि मोट यांसह, पंढरीने व्यापले जाते. मात्र त्याच अभंगात मिरची आहे! सावतोबांची समाधी परंपरेने १२९५ मधली, आणि मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत येथे आली ती सोळाव्या शतकात. तेव्हा एकतर तो शब्द मागाहून शिरला असेल, नाहीतर अभंगच उत्तरकालीन असेल. आम्हाला पहिली शक्यता पटते. गाणाऱ्याने आपल्या मळ्यातले पीक अभंगात लावले, इतकेच. मिरचीच्याच कुळातला, त्याच खंडातून आलेला टोमॅटो मात्र तेथवर पोचला नाही.

पण डब्यातल्या झाडाचे पाणी मोटेचे नव्हेच. मोट बैल ओढतात, पाणी पाटाने वाहते, जमीन ओल धरते. डब्यातली माती उन्हात दिवसभरात सुकते. टोमॅटोला तर पाण्याची अनियमितता सोसत नाही: खंड पडला की फळाला पुरेसे कॅल्शियम मिळत नाही व त्याचे बूड काळे पडते, मग एकदम भरपूर पाणी दिले, की फळ तडकते. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात हा नेम सांभाळायचा कोणी? बहुधा घागर वाहणाऱ्या बाईनेच.

या पाण्याचे काव्य आम्हाला गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावावरील अभंगांत सापडते. तेथे देव जनीमागे पाण्याला धावतो. सावतोबांचा विठ्ठल मळ्यात पिकून उभा आहे. जनीच्या विठ्ठलाला पाणी वाहावे लागते. याला देवाचे भक्तवात्सल्य म्हणण्याची रीत आहे. आम्हाला त्यात घागरीचे वजनही दिसते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर. ती गाडी पंढरपूरवरून, तेव्हाच्या उस्मानाबादवरून पुढे गेली. अशा उन्हाळ्यात डब्याखाली ताटली ठेवतात, आणि झिरपलेले पाणी सायंकाळी पुन्हा त्याच झाडाला घालतात.