द'आंव्हीलचा नकाशा आणि आपला मुलूख

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील नकाशाविद्येचे नेतृत्व हॉलंडकडून फ्रान्सकडे गेले. निकोला साँसों (१६००-१६६७) याने या फ्रेंच परंपरेचा पाया घातला. गियोम दलील (१६७५-१७२६) याने खगोलीय वेधांच्या आधारे खंडांचे आकार सुधारले व १७२३ मध्ये मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यांचा नकाशा सिद्ध केला. त्यांच्या मालिकेतील सर्वांत थोर नाव झां-बातिस्त बुर्गीन्याँ द'आंव्हील (१६९७-१७८२) याचे. त्याचा आफ्रिका खंडाचा नकाशा १७४९ मध्ये, आशिया खंडाच्या नकाशाचा पहिला भाग १७५१ मध्ये आणि हिंदुस्थानचा स्वतंत्र नकाशा १७५२ मध्ये प्रसिद्ध झाला.

नवल असे, की द'आंव्हील हिंदुस्थानात कधीच आला नाही. त्याचे सारे आयुष्य पॅरिसमध्ये कागदपत्रांच्या सहवासात गेले. खलाशांच्या नोंदी, जेझुइट पाद्र्यांची पत्रे, प्रवाशांनी लिहिलेले मुक्काम हीच त्याची साधने. एकाच मार्गाविषयीचे अनेक वृत्तान्त तो एकमेकांशी ताडून पाही. आपला कोस प्रांताप्रांतांत निराळा. त्याचे फ्रेंच मापात रूपांतर कसे करावे, हा प्रश्न त्याने गंभीरपणे हाताळला. १७६९ मध्ये तर त्याने प्रवासमापांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याचे अनेक नकाशे गियोम दला-ए या कुशल कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर कोरले. शीर्षकाभोवतीची नक्षी रेखाटण्यात द'आंव्हीलचा बंधू ग्राव्हलो याचाही हातभार लागला. उलट्या अक्षरांत कोरलेला पत्रा शाई भरून कागदावर दाबावयाचा आणि सीमारेषांवर कुंचल्याने रंग भरावयाचे, अशी त्या काळची रीत होती.

मात्र द'आंव्हीलचे खरे मोठेपण त्याने काय गाळले यात आहे. पूर्वीचे नकाशाकार अज्ञात प्रदेशात हत्ती-सिंहांची चित्रे किंवा ऐकीव राज्यांची नावे भरून टाकीत. द'आंव्हीलने आफ्रिकेचा मोठा अंतर्भाग कोरा ठेवला. हिंदुस्थानच्या नकाशातही, जेथे भरवशाचा आधार नाही तेथे त्याने लेखणी आवरली. इतिहास लिहिणाऱ्यानेही हा संयम अंगी बाणवावा.

तथापि हा नकाशा केवळ विद्येसाठी झालेला नव्हता. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने तो करविला होता. तेव्हा पाँडिचेरीत डुप्ले गव्हर्नर होता, आणि १७५१ च्या अखेरीस त्याचा सरदार बुसी निजामाच्या फौजेसह पेशव्यांवर चालून आला होता. मुलखाचे ज्ञान ही लष्करी गरज बनली होती. पुढे इंग्रजांचा जेम्स रेनेल याने १७८२ मध्ये हिंदुस्थानचा नवा नकाशा प्रसिद्ध केला. त्यानेही द'आंव्हीलच्या कामाचा उपयोग करून घेतला.

आता आपल्या भागाकडे वळू. गोव्याचे बंदर युरोपीय नकाशाकारांना दोन शतकांपासून परिचित होते, कारण जहाजे तेथे येत. परंतु मांडवीच्या काठाने आत गेले, की डिचोली महालातील आमोण्यासारखी गावे लागतात. संपूर्ण हिंदुस्थान दाखविणाऱ्या नकाशात अशा गावाला जागा मिळणे संभवनीय नव्हते. हा मुलूख सावंतवाडीकर भोसले आणि पोर्तुगीज यांच्या झुंजीत सापडला होता. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी डिचोली घेतली, ती पुन्हा भोसल्यांकडे गेली, आणि १७८१ मध्ये पोर्तुगीजांची सत्ता तेथे स्थिर झाली. पेडणे त्यांच्याकडे १७८८ मध्ये आले.

म्हणून नकाशावरील कोरी जागा म्हणजे ओसाड भूमी नव्हे. या भूमीवर गावकऱ्या नांदत होत्या. शेताची शीव, देवस्थानची जमीन, ओढ्याचे पाणी यांच्या मर्यादा गावकऱ्यांना तोंडपाठ होत्या. हे ज्ञान पॅरिसपर्यंत पोहोचले नाही, कारण ते विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. नकाशाकाराने आपली मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली. परंतु जे त्याला ठाऊक नव्हते ते नव्हतेच, असे मानण्याची चूक पुढच्या वाचकाने करता कामा नये.

द'आंव्हीलने जमविलेले दहा हजारांहून अधिक नकाशे १७७९ मध्ये फ्रान्सच्या राजाने विकत घेतले. तो संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सुरक्षित आहे. आपल्या घराघरांतील मोडी कागद, सनदा आणि देवस्थानांच्या वह्या यांना मात्र वाळवी आणि पावसाळा ग्रासत आहे. मोडी वाचणारेही दिवसेंदिवस विरळ होत आहेत. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाने हे कागद मिळवावेत, वाचवावेत आणि त्यांची नक्कल करून ठेवावी. आपल्या मुलखाची कोरी जागा भरण्याचे काम त्यातूनच होईल.