ज्यांची मय्यत घरी आलीच नाही

9 डिसेंबर 1971 च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवजवळच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ बुडाली. पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीचा पाणतीर लागला आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्यांतले बहुतेक डेकच्या खाली होते, त्यांना वर येण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

यातले एकच नाव लोकांना पाठ आहे, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे. आडनावावरून आमच्यातले काही जण त्यांना मुसलमान समजतात. ते काश्मिरी पंडित होते. स्वतःचे जीवनरक्षक जॅकेट दुसऱ्याला देऊन ते जहाजावरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले, आणि ते योग्यच होते. पण 176 खलाशांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येते का? मला येत नाही. विशी-पंचविशीतली ही मुले, बहुतेक साध्या घरांतली.

खुकरी आणि तिची जोडीदार ‘किरपाण’ या पाणबुडी शोधायलाच मुंबईहून निघाल्या होत्या. ज्याची शिकार करायची, त्याला दूरवरचे जास्त ऐकू येत होते. हंगोर फ्रेंच बनावटीची, नवी. खुकरी 1958 साली नौदलात आलेली. तिच्या सोनार यंत्राचा पल्ला वाढवण्यासाठी लेफ्टनंट वीरेंद्रकुमार जैन या तरुण अधिकाऱ्याने एक सुधारणा तयार केली होती, तिची चाचणी त्याच सफरीत चालू होती. त्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवावा लागे. पाणबुडी फिरत असलेल्या पाण्यात संथ चालणे म्हणजे काय, हे नौदलातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. जैनही त्या रात्री गेले. हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर नौदलातली माणसे पुढे कितीतरी वर्षे भांडत राहिली. मला त्या वादापेक्षा घरी वाट पाहणाऱ्यांचा विचार जास्त येतो.

मी वसईचा. आमच्या किनाऱ्यावरून वायव्येला पाहिले, तर खंबातच्या आखाताच्या तोंडापलीकडे दीव. नाते जुने आहे. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना देणारा गुजरातचा सुलतान बहादूरशाह 1537 मध्ये दीवच्याच पाण्यात पोर्तुगीजांच्या हातून मारला गेला. प्रेत हाती लागले नाही, आणि तो जिवंत असल्याच्या वावड्या मग बराच काळ उठत राहिल्या. मय्यत समोर नसली की सुलतानाच्या बाबतीतही असेच होते. खलाशाच्या आईचे काय होत असेल!

आमच्यात मय्यतीला गुस्ल द्यायची, कफन घालायचे, खांदा द्यायचा, तीन मुठी माती टाकायची. यातले काहीच करता आले नाही तर? हदीसमध्ये बुडून मेलेल्याला शहिदांत गणले आहे, हा एक आधार. दुसरा आधार गायबाना नमाजे जनाजाचा. हबशांचा राजा नजाशी दूर देशी वारला, तेव्हा पैगंबरसाहेबांनी मदिनेत त्याच्यासाठी नमाज पढली होती. त्यावरून शाफई मजहबात समोर मय्यत नसताना जनाजा पढता येतो. हनफी उलेमा ते मानत नाहीत. कोकणी मुसलमान शाफई आहेत. समुद्रावर जगणाऱ्या लोकांच्या वाट्याला नेमका हाच मजहब यावा, याचे मला नेहमी बरे वाटते. (तो आला अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, म्हणजे तोही समुद्रावरूनच.)

बायकोचा प्रश्न आणखी कठीण होता. नवरा मेला की नाही हेच ठाऊक नाही, तर इद्दत कधी पाळायची? जुन्या हनफी मतानुसार तिने जवळजवळ जन्मभर थांबायचे. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने ही मुदत चार वर्षांवर आणली. तो मार्चमध्ये झाला आणि सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध पेटले.

त्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कोकणातले मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने होते. सारंग, टंडेल, आगवाला अशी त्यांची कामे, आणि पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या कितीतरी खाली. सप्टेंबर 1940 मध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ अटलांटिकमध्ये बुडाले. त्यावरच्या 77 इंग्रज मुलांसाठी जग रडले, आणि रडायलाच हवे होते. त्याच जहाजावर शंभराच्या आसपास हिंदी खलाशीही गेले, त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो. मुंबईत मस्जिद बंदरच्या बाजूला खलाशांसाठी बांधलेल्या इमारतीत पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजार जणांची नावे एका वहीत लिहून ठेवली आहेत, आणि तशीच दुसरी वही चितगावला आहे. चर्चगेटच्या लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या आमच्या वसई-विरारकरांपैकी किती जणांनी ती पाहिली असेल?

खुकरीच्या वाट्याला निदान दीवच्या किनाऱ्यावर, चक्रतीर्थाजवळ स्मारक आले. टेकाडावर काचेच्या पेटीत जहाजाची छोटी प्रतिकृती आहे, आणि समोर तोच समुद्र. याच नावाची दुसरी युद्धनौका माझगाव गोदीत बांधली गेली. 1989 ते 2021 अशी बत्तीस वर्षे ती नौदलात होती आणि निवृत्त झाल्यावर संग्रहालय म्हणून दीवलाच आणली गेली. दीवला गेलात तर ती पाहाच. पण आधी टेकाडावर जा, आणि फातेहा पढत असाल तर तिथे उभे राहून पढा. त्या 194 जणांपैकी कोण कुठल्या धर्माचा, हे विचारत बसू नका.