लोणावळ्याचा तह आणि न उरलेलं गुराब

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या शिरगावातून सोमाटणे फाट्यावर आलो आणि जुन्या हायवेने लोणावळ्याकडे निघालो, की थोड्याच वेळात एका 'जहाजा'पाशी पोचतो. त्याचं नाव आयएनएस शिवाजी. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखंच नाव मिळतं. १५ फेब्रुवारी १९४५ ला हे केंद्र सुरू झालं आणि आजही नौदलाचे इंजिनिअर तिथे घडतात. लोकलमध्ये पांढऱ्या गणवेशातली पोरं दिसली की कुणीतरी हमखास विचारतं, "समुद्र नाही, खाडी नाही, मग नेव्हीचं इथे काय काम?"

काम आहे, आणि फार जुनं आहे. आज त्याचबद्दल लिहायचंय.

पहिली गोष्ट, मावळ समुद्रापासून कधीच तुटलेला नव्हता. बोरघाट ही बंदरांची वाट होती. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल घाट चढून याच खोऱ्यातून देशावर जायचा. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यात सोपाऱ्याचा माणूस आहे, 'यवन' म्हणवणारे परदेशीही आहेत. आपण एकवीरेच्या दर्शनाला जातो आणि शेजारचे खांब न वाचता खाली उतरतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मराठ्यांचं आरमार एकसंध राहणार की फुटणार, याचा निकाल आपल्याच भागात लागला.

साल १७१३. शाहू महाराज साताऱ्याला, ताराबाईंचा पक्ष कोल्हापूरला. कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे, आणि ते कोल्हापूरच्या बाजूने. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं. कान्होजींनी पिंगळ्यांनाच कैद केलं आणि लोहगड, राजमाची घेतले. म्हणजे आपण ज्या लोहगडावर पावसाळ्यात भजी खायला जातो, तो काही काळ दर्यावरच्या माणसाच्या ताब्यात होता. साताऱ्यात चलबिचल झाली, कारण लोहगडावरून पुणं फार लांब नाही.

नोव्हेंबर १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. फौज घेऊन निघाले खरे, पण लढले नाहीत. बोलणी केली. १७१४ च्या सुरुवातीला झालेला तो करार 'लोणावळ्याचा तह' म्हणून ओळखला जातो. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं, पिंगळ्यांना सोडलं. शाहूंनी त्यांचं सरखेलपद मान्य केलं, किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे ठेवले. रक्त न सांडता अख्खं आरमार स्वराज्यात राहिलं. लोणावळा म्हटलं की आपल्याला चिक्की आठवते. हा तहही आठवायला हवा.

आता हे आरमार होतं कसं? चित्रपटात दाखवतात तसली तीन-चार मजली जहाजं डोळ्यांसमोर आणू नका. आपलं मुख्य लढाऊ जहाज म्हणजे गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, साधारण दीडशे ते तीनशे टनांचं. तळ उथळ, म्हणून खाडीत शिरायला सोपं. नाळ लांब, पुढे निघालेली आणि खाली झुकलेली. तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. युरोपातली जहाजं बाजूने तोफा डागायची, त्यामुळे त्यांना मारा करायला आडवं वळावं लागायचं. गुराब शत्रूवर चालून जाता जाताच मारा करायचं.

त्याच्या जोडीला गलबत. आकाराने लहान, सहसा सत्तर टनांच्या आतलं. शीड होतंच, शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की मोठी जहाजं जागच्या जागी ठप्प व्हायची. तेव्हा गलबतं वल्हवत यायची, दोर टाकून गुराबांना ओढत न्यायची आणि शत्रूच्या पाठीमागून, जिथे त्याच्या तोफा पोचत नाहीत तिथून, डोलकाठ्या आणि शिडं फोडायची. मग कडेनं भिडायचं आणि माणसं चढवायची. आपल्या किनाऱ्याचा वारा, वाळू आणि खाड्या ओळखून केलेली ही रचना होती. डोंगरात मावळ्यांनी जे केलं, तेच पाण्यात कोळी, भंडारी, दालदी खलाशांनी केलं.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला जहाजं बांधायला घेतली तिथपासून ही परंपरा आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरवर गेले. तेव्हाच्या इंग्रजांच्या नोंदीत ८५ लहान लढाऊ जहाजं आणि ३ मोठी जहाजं असा आकडा आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग मानलं गेलं. जहाजाला लाकूड लागतं हे सांगताना त्यात एक बारीक काळजीही घेतली आहे. आंबा-फणसाचं लाकूड कामाचं असलं तरी रयतेच्या झाडाला हात लावायचा नाही. ती झाडं वाढवायला वर्षानुवर्षं जातात. एखादं अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडायचं. सक्तीच्या भूसंपादनाचं दुखणं मावळात कुणाला समजावून सांगायला नको, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

कान्होजींच्या हाती हे आरमार बहरलं. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१८ ला खांदेरीवर हल्ला केला, फसला. १७२० ला विजयदुर्गावर, फसला. १७२१ ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर, तोही फसला. ४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले, तोवर समुद्रावर त्यांना कुणी हरवू शकलं नव्हतं.

यापुढचा भाग लिहिताना हात जड होतो.

कान्होजींच्या मागे मुलांमध्ये भाऊबंदकी झाली. विजयदुर्गाला तुळाजी आंग्रे बलवान झाले. ते पुण्याचं ऐकेनात आणि पेशव्यांच्या मुलखालाही त्रास होऊ लागला, हे खरं आहे. पण त्यावर उपाय काय निघाला? नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ ला सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गासमोर आलं, सोबत रॉबर्ट क्लाइव्हची फौज होती. पेशव्यांचं सैन्य जमिनीच्या बाजूने. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून बांधलेली. त्यातच 'रिस्टोरेशन' हे पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेलं जहाज होतं. १२ फेब्रुवारीला एक गोळा त्याच्यावर पडला, आग लागली आणि एकातून दुसऱ्यात पसरत गेली. एका दुपारीत आंग्र्यांचं तिथलं सगळं आरमार जळालं.

नानासाहेब म्हणजे बाळाजी विश्वनाथांचे नातू. आजोबांनी लोणावळ्याला बोलून जे राखलं, ते नातवाने ४२ वर्षांनी परक्याच्या हातून जाळवलं. पुढे विजयदुर्गालाच आनंदराव धुळपांनी पेशव्यांचं आरमार सांभाळलं, १७८३ मध्ये इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं, हेही सांगायला हवं. पण पश्चिम किनाऱ्यावर दरारा बसवणारी ती ताकद पुन्हा आली नाही.

आणि त्याच वेळी, अगदी शेजारी काय चाललं होतं बघा. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले. १७५० मध्ये तिथे सुकी गोदी झाली. सागवानी जहाजं बांधावीत तर मुंबईच्या वाडियांनी, असं ब्रिटिश नौदलच म्हणू लागलं. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेलं 'त्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरलं. लाकूड मलबारचं, हात इथल्या सुतारांचे. गंमत म्हणजे त्याचे नकाशे घेऊन निघालेलं 'जावा' हे इंग्रजी जहाज अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने १८१२ ला वाटेतच संपवलं. मग दुसरे नकाशे पाठवावे लागले.

आज 'कॉन्स्टिट्यूशन' बोस्टनला तरंगतंय. 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. ते मोडकळीला आलं होतं. १९८७ पासून पुढे कित्येक वर्षं खपून त्यांनी ते उभं केलं आणि आता तिथली मुलं तिकीट काढून ते बघायला जातात. सागवान आपल्याकडचं, कारागीर आपल्याकडचे, आणि बघायला व्हिसा काढून जायचं.

बाकी जगही बघा. स्वीडनचं 'वासा' १६२८ ला पहिल्याच फेरीत बुडालं होतं. ते त्यांनी १९६१ ला समुद्रातून वर काढलं आणि त्याच्यासाठी संग्रहालय बांधलं. त्यांचंच 'गोथेबोर्ग' १७४५ ला बुडालेलं. त्याची प्रतिकृती बांधून २००५ ला थेट चीनपर्यंत शिडांवर नेली. नेदरलँड्समध्ये 'बटाविया'ची प्रतिकृती १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षं बांधत होते, आणि त्या कामावर तरुण पोरांना सुतारकाम, लोहारकाम, शिडं शिवणं शिकवलं. फ्रान्सने रोशफोरला 'हर्मियोन' १९९७ ला सुरू केलं. अर्धवट जहाज बघायला येणाऱ्यांच्या तिकिटांतून बराच पैसा उभा केला आणि २०१५ ला ते अमेरिकेला जाऊन आलं.

आपल्याकडे मराठ्यांचं गुराब कुठे बघायचं? जुनं एकही उरलं नाही. आणि शिडं लावून समुद्रात चालणारं, पूर्ण मापाचं नवं गुराब माझ्या तरी बघण्यात किंवा ऐकण्यात नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, नकाशे नाहीत, मग बांधणार कसं? त्याचं उत्तर आपल्याच लोकांनी दिलंय. 'कौंडिण्य' नाव ऐकलंय ना? अजिंठ्याच्या लेण्यातल्या एका भित्तिचित्रावरून हे जहाज बांधलं. पाचव्या शतकातल्या जहाजाचं चित्र, बाकी नकाशा काहीच नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाने पैसा दिला, गोव्यातल्या बोटयार्डने बांधलं, केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, एक खिळा नाही. आयआयटी मद्रासमध्ये आकाराची चाचणी झाली. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं, डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघालं आणि २०२६ च्या जानेवारीत मस्कतला पोचलं. दीड हजार वर्षांपूर्वीचं जहाज एका चित्रावरून होतं, तर पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं गुराब का नाही? त्याची तर इंग्रजांनी केलेली वर्णनं आहेत, चित्रं आहेत, आणि विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे कातळात खोदलेली मराठ्यांची गोदीही आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खोटा नाही. लाकडी जहाज म्हणजे घरात हत्ती बांधणं. 'हर्मियोन'च्या लाकडाला बुरशी लागल्याचं २०२१ मध्ये लक्षात आलं आणि ते दुरुस्तीत अडकलं. १९६० ला सिनेमासाठी बांधलेलं 'बाउंटी' २०१२ च्या वादळात बुडालं, त्यात जीव गेले. म्हणून घाईने, कुणाच्या तारखेसाठी, उद्घाटनासाठी हे काम करू नये. घाई काय करते ते आपण मालवणला पाहिलंय. ४ डिसेंबर २०२३ ला राजकोटावर महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. पुतळ्याला विरोध नाही. पण ज्या राजाने जहाजं बांधली, त्याच्या नावाने एक तरी जहाज बांधायला काय हरकत आहे? पुतळ्यापुढे माणूस हात जोडतो आणि परत जातो. जहाज बांधायचं म्हटलं की सुतार लागतो, लोहार लागतो, दोर वळणारा, शीड शिवणारा, वारा ओळखणारा लागतो. फायबरच्या बोटी आल्यापासून कोकणात लाकडी होड्या बांधणारे हात कमी होत चाललेत. ते आहेत तोवरच हे होणार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपला लोहगड आहे आणि समुद्रातला खांदेरीही आहे. घाटावरचा किल्ला आणि पाण्यातला किल्ला एकाच यादीत. बाहेरच्यांना हे नातं दिसलं, आपल्याला कधी दिसणार?

माझं मागणं मोठं नाही. एक, लोणावळ्यात १७१४ च्या तहाचा फलक लागावा, लोहगडाच्या माहितीत कान्होजींचं नाव यावं. दोन, मावळातल्या शाळांच्या सहली लोहगडाबरोबर कुलाबा किल्ल्यालाही जाव्यात. तीन, राज्य सरकारने एक गुराब आणि एक गलबत बांधायला घ्यावं. कोकणातल्या खाडीवर, तिथल्याच कारागिरांकडून, दहा वर्षं लागली तरी चालतील. नौदलाचे इंजिनिअर घडतात ते ठिकाण आपल्या तालुक्यात आहे, तेव्हा सल्ल्यासाठी लांब जायची गरज नाही.

पहिली दोन कामं ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि शाळेच्या पातळीवर होण्यासारखी आहेत. पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. शिरगाव, सोमाटणे, गहुंजे, साळुंब्रेकरांनी आपापल्या गावात मांडावा. आणि कुणाच्या घरात आरमारातल्या पूर्वजांचे कागद, मोडीतल्या सनदा असतील, तर त्या रद्दीत घालू नका. आधी सांगा, वाचून घेऊ.

आपल्या जवळच तह करून जे आरमार वाचलं होतं, त्यातलं एखादं गुराब आपल्या नातवंडांना शीड भरून चालताना दिसावं, एवढंच.

पटलं तर शेअर करा. चुकलं असेल तर खाली हक्काने सांगा.